ठिपक्यांना दिलेलं घर

“उताणी का पाडतीस तिला?” धाकूमामांनी विचारलं.

“सरळ होते का ते बघायला.”

“हुती की सरळ. तू पाडलीस म्हनून पडली.”

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते इंग्रजीत होतं आणि निमकर सरांनी टाइप करून दिलेलं होतं. मी काचेच्या बरणीत मऊ कुंचला घातला आणि त्या बोटभर पालीला पुन्हा उलटी केली. बरणी पाण्याच्या पातेल्यात उभी, पातेलं स्टोव्हवर. दर पाच मिनिटांनी पाणी एक अंशाने तापवायचं, पालीला उताणी करायची, आणि ज्या तापमानाला तिला सरळ होता येणार नाही तो आकडा वहीत लिहायचा. आकडा मिळाला रे मिळाला की तिला उचलून गार ओल्या फडक्यावर ठेवायचं. बहुतेक पाली दहा मिनिटांत भानावर यायच्या आणि मग मी त्यांना जिथून आणलं तिथेच सोडून द्यायची.

साडेछत्तिसाला ती सरळ झाली नाही. चारी पाय हवेत हलवत राहिली. मी तिला फडक्यावर ठेवलं, आकडा लिहिला आणि घड्याळ बघितलं. धाकूमामा उठले, झऱ्यावर गेले आणि ओंजळीत पाणी घेऊन आले. फडकं आधीच ओलं होतं, तरी त्यांनी त्यावर पाणी शिंपडलं. पाल हलली, सरळ झाली आणि फडक्याच्या घडीत शिरली, तेव्हा कुठे ते खाली बसले.

ही सत्त्याण्णव सालच्या एप्रिलमधली गोष्ट. मी सव्वीस वर्षांची होते, निमकर सरांकडे पीएच.डी. करत होते, आणि आपल्याला जगातलं बरंच काही कळतं अशी माझी पक्की समजूत होती.

सह्याद्रीच्या धारेवर गारमाळ नावाचा एक धनगरवाडा होता. एके काळी तिथे अकरा घरं होती. मी पहिल्यांदा गेले तेव्हा चार चुली पेटत होत्या, आणि त्या एप्रिलमध्ये एकच, धाकू झोऱ्यांची. बाकीचे सगळे शाळा, दवाखाना, नोकरी करत करत खाली कुंभवण्याला उतरले होते. कुंभवणं हे पायथ्याचं एस.टी. स्टँडचं गाव. वरून त्याचे पत्रे चमकताना दिसायचे, पण पाऊलवाटेने उतरायला दीड तास लागायचा आणि चढायला अडीच. धाकूमामा सत्तरीच्या आसपासचे. बायको वारलेली, म्हशी विकून टाकलेल्या. आदल्या पावसाळ्यात ते झऱ्यावर घसरून पडले आणि दोन दिवस तिथेच पडून होते, कुणाला पत्ता नाही. तिसऱ्या दिवशी रानात मध काढायला आलेल्या एकाने बघितलं म्हणून वाचले.

घर मात्र नामी होतं. हातभर रुंदीच्या दगडी भिंती, वर गवताचं जाड छप्पर, मागे झरा आणि डोक्यावर जांभळीची दाट सावली. बाहेर रान करपत असलं तरी आत अंगावर पांघरूण घ्यावंसं वाटायचं. झऱ्याभोवतीच्या खडकांच्या सावलीत माझ्या पाली राहायच्या. दिवसा हिंडणाऱ्या, राखाडी अंगावर पिवळट ठिपके असलेल्या. धाकूमामा त्यांना ठिपक्या म्हणायचे.

“पल्याडच्या डोंगरावरबी हीच ठिपकी हाय न्हवं?” त्यांनी एकदा विचारलं.

“नाही मामा. दिसायला अशीच, पण जात वेगळी.”

“ती कशी काय?”

मला कुणी विचारायचाच अवकाश असे. मी सांगितलं की लाखो वर्षांपूर्वी खालचं खोरंसुद्धा गार होतं, तेव्हा सगळीकडे एकच पाल होती. मग खोरं तापत गेलं. ज्या खाली राहिल्या त्या मेल्या, ज्या वर सरकल्या त्या वाचल्या. या डोंगरावरच्या इकडे अडकल्या, त्या डोंगरावरच्या तिकडे. मधल्या तापलेल्या खोऱ्यातून ना यांना तिकडे जाता येत, ना त्यांना इकडे. पिढ्यांवर पिढ्या गेल्या आणि आता दोघी समोरासमोर आल्या तरी एकमेकींना ओळखणार नाहीत इतक्या वेगळ्या झाल्या.

धाकूमामांनी बराच वेळ तंबाखू मळली. “म्हंजी भावकीच की,” ते म्हणाले. “माज्या चुलत्याचा वाडा पल्याड हाय. लगनाला बोलवत न्हाईत आता.”

मी हसले. तेही हसले, आणि मग म्हणाले, “पन खाली ऱ्हायल्याल्या मेल्या का? त्यास्नीबी घाम येत आसंल की.”

“नाही येत. बाहेर जेवढी गरमी तेवढीच त्यांच्या अंगात. अंग गार ठेवायची सोयच नाही त्यांच्याकडे. त्यांना जागाच गार शोधावी लागते.”

“आन् मानूस?”

“माणूस कुठेही राहतो, मामा. वाळवंटात राहतो, बर्फात राहतो.”

हे वाक्य म्हणताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं, ते आठवतं.

आता माझी अडचण सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. सरांना नुसते आकडे पुरेसे नव्हते. त्यांना पालींची अंडी हवी होती, ती एकाच तापमानाला उबवून पिल्लं मोजायची होती. सर शहरात पंख्याखाली बसून उंटावरून शेळ्या हाकण्यात वाकबगार. त्यांच्या सांगण्यावरून आदल्या वर्षी मी बारा पाली डब्यात घालून, ओल्या शेवाळात ठेवून, खाली आणल्या होत्या. कुंभवण्याच्या बाहेर एस.टी. पंक्चर झाली. तास गेला. मी डबा पदराखाली धरून रस्त्याकडेच्या खांबाच्या सावलीत उभी राहिले. घरी पोचल्यावर डबा उघडला तर नऊ मेलेल्या होत्या. माझं म्हणणं मीच सिद्ध केलं होतं, नऊ वेळा. त्यानंतर ठरलं की पाली खाली न्यायच्या नाहीत, वरच एखादी गार खोली मिळवायची. आणि गारमाळात छप्पर शाबूत असलेलं घर एकच होतं.

त्या एप्रिलमध्ये धाकूमामांचा मुलगा वर आला. गंगाराम नाव. कुंभवण्याला लाकडाच्या वखारीत कामाला होता, पस्तिशीचा, शांत, उगाच न बोलणारा माणूस. बापाला न्यायला तो दर दोन महिन्यांनी यायचा आणि दर वेळी एकटाच परत जायचा. या वेळी त्याने मला झऱ्यापाशी गाठलं.

“ताई, बाबा तुमचं ऐकतोय,” तो म्हणाला. “मागल्या पावसात पडला तवा मला आठ दिसांनी कळलं. ह्या पावसात काय झालं तर मी कुनाला तोंड दावू? तुमी सांगा त्याला.”

“ते नाही म्हणतात ना?”

“खालचं सोसत न्हाई म्हनतोय. सगळं गाव ऱ्हातंय की खाली.” मग म्हणाला, “घर हितंच हाय. तुमास्नी लागतंय न्हवं पालींसाठी? ऱ्हावा तुमी. घराला मानूस आसलं तर बाबाचा जीवबी लागून ऱ्हानार न्हाई.”

मी खोटं सांगणार नाही. त्याची काळजी खरी होती आणि मला ती पटली होती. पण त्याचं शेवटचं वाक्य ऐकलं आणि माझ्या डोळ्यांसमोर आधी ते घर आलं. पंचवीस अंशांचं घर. माणसाचं भलं आणि आपली सोय एकाच वाटेने चालली की आपण त्या वाटेला किती चटकन पुण्याची वाट म्हणतो.

त्या संध्याकाळी मी धाकूमामांशी बोलले. पडण्याबद्दल बोलले, दवाखान्याबद्दल बोलले, नातवंडांबद्दल बोलले. ते चुलीत लाकडं सारत राहिले.

“मला खालची गरमी सोसत न्हाई, पोरी. बाजाराला गेलो तरी कवा वर येतो आसं हुतं.”

“सवय होईल.”

“ह्या वयात?”

“मामा, तुम्ही काय ठिपकी आहात, खाली गेलात की मरायला?”

ते हसले. खरंच हसले, तंबाखूने काळे झालेले दात दिसेपर्यंत. मग जाळाकडे बघत म्हणाले, “तू शिकल्याली हायस. तू म्हनतीस तर जाऊन बघतो.”

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ते उतरले. बरोबर घोंगडी, काठी आणि एक बोचकं. निघताना त्यांनी मला फक्त एकच गोष्ट सांगितली. त्या घरातला विस्तव त्यांच्या आज्याच्या वेळचा होता. रात्री निखारे राखेत झाकायचे, सकाळी फुंकर घालून पुन्हा जाळ करायचा, आणि त्या विस्तवावर पाणी कधी टाकायचं नाही.

“चूल इझू देऊ नको,” ते म्हणाले. “आन् रोज सकाळी वाईच वला पाला टाकत जा जाळावर.”

“ओला? धूर होईल की.”

“हू दे. घराला जाग दिसाया पायजे.”

मी बरं म्हटलं. म्हाताऱ्या माणसाची श्रद्धा, आपलं काय जातंय, असं माझ्या मनात आलं.

पहिले दोन आठवडे मी शब्द पाळला. सकाळी पाला टाकायचा, छपरातून पांढरा धूर सरळ वर जायचा, माझे डोळे चुरचुरायचे. घरात मी पालींचे चौदा डबे मांडले. शिवाय उतारावर, माथ्यापासून पायथ्यापर्यंत, सात झाडांना थर्मामीटर बांधले होते. मागच्या फेरीनंतरचा सगळ्यात जास्त आकडा दाखवणारे. दर आठ दिवसांनी खाली उतरून ते वाचायचे आणि मधली हवा पालींना कुठवर उतरू देते ते काढायचं. त्या फेरीत मी कुंभवण्याला धाकूमामांना भेटत असे.

गंगारामची खोली रस्त्याला लागून होती, पत्र्याची. दुपारी आत उभं राहवत नव्हतं. धाकूमामा दारात, भिंतीच्या वीतभर सावलीत बसलेले असायचे. पहिल्या वेळी त्यांनी नातवाला माझी ओळख करून दिली. दुसऱ्या वेळी ते वाळलेले दिसले. ओठ फुटले होते.

“जेवता ना?”

“जेवतो. ग्वाड लागत न्हाई.” मग त्यांनी डोंगराकडे हात केला. “सकाळी वारं पडल्यालं आसतं तवा हितनं धूर दिसतोय बग. तेवढा बगतो आन् मग च्या घेतो.”

सून आतून हसत म्हणाली, “धूर दिसस्तवर च्याला हात लावत न्हाईत. गार हुतोय तसाच.”

मला वाईट वाटलं. घराची ओढ, मी मनात म्हटलं. पावसाळा संपला की गंगारामला सांगून त्यांना चार दिवस वर आणायचं, असंही ठरवलं. असले बेत करायला काही लागत नाही.

मग मेच्या दुसऱ्या आठवड्यात पालींनी अंडी घातली. दोन-दोन अंडी, डब्यांतल्या दगडांना चिकटवलेली, वाटाण्यापेक्षा लहान. बत्तीस अंडी. आणि त्याच आठवड्यात उन्हाळा असा चढला की त्या घरातसुद्धा पारा वर सरकायला लागला. सव्वीस, सत्तावीस. चूल पेटली की अठ्ठावीस. सरांनी बजावून ठेवलं होतं, अठ्ठाविसाच्या वर गेलं की सगळी मेहनत पाण्यात. मी रात्रंदिवस दर तीन तासांनी पारा बघायला लागले. खालची फेरी रद्द केली. भात शिजवायला स्टोव्ह होताच, तो मी बाहेर झाडाखाली नेला. आत तापवणारी गोष्ट एकच उरली.

दोन दिवस मी चुलीकडे बघत काढले. धाकूमामांचा चहा आठवत होता. पण तीन-चार दिवस धूर दिसला नाही तर म्हातारा हिरमुसेल, यापलीकडे काय होणार होतं? भेटल्यावर समजूत घालता आली असती. अंडी मात्र एकदा गेली की पुढच्या मेपर्यंत मिळणार नव्हती.

पंधरा मेच्या दुपारी मी चूल विझवली. विस्तवावर पाणी टाकायचं नाही हे लक्षात होतं, म्हणून टाकलं नाही. निखारे पत्र्यावर काढले, बाहेर नेऊन पसरले आणि त्यांची राख होईपर्यंत उभी राहिले. नियम पाळल्याचं मला समाधानही वाटलं. संध्याकाळी पारा सव्विसावर आला आणि मी वहीत त्याखाली रेघ ओढली.

अठरा तारखेला अंडी ठीक दिसत होती, म्हणून दुपारी दोन वाजता मी उतारावरचे थर्मामीटर वाचायला निघाले. ऊन मी म्हणत होतं. पहिले पाच वाचले. सहावा करंजाला बांधलेला होता, पायथ्यापासून अर्ध्या तासावर. करंजाच्या थोडं खाली, वाटेच्या वळणावर, उघड्या कातळाला टेकून कोणीतरी बसलं होतं. मला आधी घोंगडी दिसली.

“मामा?”

त्यांनी मान उचलली. डोळे लाल होते आणि माझ्यावर ठरत नव्हते. मी हात धरला. अंग तव्यासारखं तापलं होतं आणि घामाचा टिपूस नव्हता. एवढ्या उन्हात चढून आलेल्या माणसाला घाम नाही, याचा अर्थ मला कळत होता.

“हायस न्हवं बरी?” ते म्हणाले.

“मी बरी आहे. तुम्ही इथे कसे? कशाला आलात?”

“धूर न्हाई.” त्यांची जीभ जड झाली होती. “तीन दिस बगतोय. म्हनलं... पोर एकलीच हाय. माज्यावानी पडली आसंल झऱ्यावर. कुनाला कळायचं बी न्हाई.”

  घराला जाग दिसायला पाहिजे, याचा अर्थ मला त्या कातळावर कळला. एकटं माणूस रानात पडून राहिलं तर काय होतं ते त्यांनी दोन दिवस भोगलं होतं. मला ते भोगावं लागू नये म्हणून त्यांनी धुराची सोय करून ठेवली होती, आणि रोज सकाळी चहा गार होऊ देत ते मी हयात असल्याची खात्री करून घेत होते.

मी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना करंजाच्या सावलीत ओढलं. पटका काढला. माझ्या बाटलीत अर्ध्याहून कमी पाणी होतं. दोन घोट तोंडात घातले, ते ओघळून गेले. उरलेलं डोक्यावर, मानेवर, काखेत ओतलं. पालीला कसं वाचवायचं हे मला आकड्यासकट पाठ होतं, आणि माणसासाठी माझ्याजवळ पाणी नव्हतं. त्यांनी उठून बसायचा प्रयत्न केला आणि कुशीवर कलंडले.

“मग धूर...” ते म्हणाले. “चूल...”

“मामा, बोलू नका. मी माणसं घेऊन येते.”

“सावकास जा,” ते म्हणाले.

मी खाली धावले. दोनदा पडले. वखारीतून गंगाराम आणि तीन माणसं, एक झोळी, एक घागर. आम्ही परत पोचलो तेव्हा सव्वा तास झाला होता. धाकूमामा मी ठेवलं होतं तसेच कुशीवर होते. गंगारामने त्यांच्या तोंडाला पाणी लावलं, मग हाताने पुसलं, पुन्हा लावलं. बाकीच्यांनी त्याला धरून बाजूला केलं. मी उभी होते तिथे, माझ्या खांद्याशी, थर्मामीटर टांगलेला होता. आणि मी तो वाचला. सवयीने डोळे गेले. चव्वेचाळीस. तो आकडा पुढे माझ्या प्रबंधाच्या तक्त्यात छापला गेला, अठरा मे, केंद्र क्रमांक सहा.

सून नंतर म्हणाली की ते पहाटेपासून दारात उभे होते. ऊन वर आल्यावर धूर असला तरी दिसत नाही, म्हणून दहापर्यंत वाट बघितली. तिने अडवलं. गंगाराम आल्यावर जाऊ द्या म्हणाली. तर म्हणाले, तवर पोर मरंल.

त्या रात्री मी वर गेले. काडेपेटीने चूल पेटवली. अंड्यांचे दगड उचलून झऱ्यामागच्या कपारीत नेऊन ठेवले, जिथे पाली स्वतः अंडी घालतात. तिथे पारा चोवीस होता. इतकं सोपं होतं ते, आणि पंधरा तारखेला मला सुचलं नव्हतं. तिथे खडकाला टेकून मी मोठमोठ्याने रडले, कारण ऐकायला मैलभरात कोणी नव्हतं.

बत्तीसपैकी एकोणतीस अंडी फुटली. निमकर सरांना आनंद झाला. एवढं चांगलं प्रमाण कुठेच नोंदलेलं नाही, असं त्यांनी पत्रात लिहिलं.

दिवसकार्य झाल्यावर गंगाराम वर आला. डोकं भादरलेलं होतं. तो उंबऱ्याबाहेरच बसला. मी पाणी दिलं. 

“ताई, एक इचारतो. राग मानू नका.”

“विचारा.”

“त्या तीन दिसांत चूल का न्हवती पेटली?”

मला खरं सांगायचं होतं. पंधरा दिवस मी ते वाक्य मनात घोळवत होते. बत्तीस अंडी होती, आत गरम होत होतं, म्हणून मी विझवली. एवढंच वाक्य. गंगाराम माझ्याकडे बघत नव्हता, हातातल्या गवताच्या काडीचे तुकडे करत होता. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. बापाला मीच खाली नेला, हे तो स्वतःला रोज सांगत असणार, आणि ते मला त्याच्या वाकलेल्या पाठीवरूनसुद्धा दिसत होतं.

“ताप आला होता,” मी म्हटलं. “उठवत नव्हतं.”

त्याने झटकन मान वर केली.

“लई हुता?”

“हो.”

“एकल्याच हुता?”

“हो.”

त्याने काडी टाकून दिली. त्याचा चेहरा हळूहळू सैल झाला आणि मग तो रडायला लागला, पण वेगळं, गाठ सुटल्यासारखं. “म्हंजी बाबाचं बराबर हुतं,” तो म्हणाला. “आमी समदी म्हनत हुतो, म्हातारा उगाच गेला, चळला हुता. त्याला कळलं हुतं. तो उगाच न्हाई गेला.” त्याने उपरण्याने तोंड पुसलं आणि माझ्या पायाकडे हात केला, मला मागे सरावं लागलं. “तुमी वाचला, ताई. तेवढ्यासाठी गेला तो.”

त्या क्षणी मी खरं बोलू शकले असते. ती शेवटची संधी होती. त्याच्या बापाच्या मरणाला त्याला मिळालेला अर्थ मी काढून घेऊ शकले नाही, असं मी पुढे अनेक वर्षं स्वतःला सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं म्हणजे मला भीती वाटली.

याला आता सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं झाली. गारमाळात कोणी नाही. त्या पालींचं पुढे शास्त्रीय नाव ठेवलं गेलं, ते सरांनी ठेवलं. मी प्राध्यापक झाले, मुलांना शिकवते की थंड रक्ताच्या प्राण्याला जागा सोडून जगता येत नाही. एखादा विद्यार्थी विचारतो, आणि माणसाचं काय? मी पुस्तकातलं उत्तर देते.

गंगारामचा दरवर्षी मे महिन्यात फोन येतो. वखार सुटली, आता तो नातवंडं सांभाळतो. ऊन फार चढलं की त्याला माझी आठवण होते. परवाही आला होता.

“ताई, तब्येत कशी हाय?” त्याने विचारलं. “परत न्हाई ना आला तसा ताप?”

“नाही,” मी म्हटलं.

“जपा. बाबानं वाचवल्यालं मानूस हाय तुमी.”